संडास किती उंच हवा?

योझेफ फाइलिख हा व्हिएन्नातला सुतार. आयुष्यभर त्याने खुर्च्या केल्या. आडोल्फ लोस या वास्तुकाराने सजवलेल्या कितीतरी जेवणघरांतल्या खुर्च्या त्याच्या हातच्या होत्या. तो वारला तेव्हा, १९२९ साली, लोसने ‘फ्रांकफुर्टर त्साइटुंग’ या जर्मन दैनिकात त्याच्यावर मृत्युलेख लिहिला. दोघांनाही कमी ऐकू यायचं, त्यामुळे आमचं छान जमायचं, असं त्यात आहे. आणि सुताराच्या मृत्युलेखात कुणीही अपेक्षा करणार नाही अशी एक तळटीपही आहे. दोन वर्षांपूर्वी श्टुटगार्टला आधुनिक घरांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं आणि तिथे घर बांधायला लोसला कुणी बोलावलं नव्हतं. तो सल तळटिपेत बाहेर पडलाय. माझ्याकडे दाखवण्याजोगं काहीतरी होतं, असं तो म्हणतो. काय? तर घराची मांडणी कागदाच्या सपाटीवर न करता पोकळीत करायची. आजवरच्या वास्तुकारांना असा विचारच करता येत नव्हता, म्हणून त्यांना संडाससुद्धा दिवाणखान्याइतका उंच बांधावा लागला. कधीतरी माणूस घनाच्या पटावर बुद्धिबळ खेळेल, तसेच वास्तुकारही घराचा नकाशा तिन्ही दिशांत सोडवतील.

संडासाच्या उंचीचा हा मुद्दा मला गेली काही वर्षं सोडत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. घर चौरस फुटांत मोजायची आपली सवय चुकीची आहे आणि ती महागात पडते. ही सवय मोडायची एक चांगली संधी शंभर वर्षांपूर्वी आली होती. आधुनिक वास्तुकलेने ती घालवली, आणि घालवली तीही मजूर-कामगारांना चांगली घरं देण्याच्या प्रामाणिक धडपडीत.

लोसच्या पद्धतीला ‘राउमप्लान’ म्हणतात. नाव त्याचं नव्हे, त्याचा शिष्य हाइन्रिख कुल्का याने १९३१ साली दिलेलं. तळमजला, पहिला मजला असं काही माझ्या लेखी नसतंच, एकमेकींना जोडलेल्या जागा असतात आणि प्रत्येक जागेला तिची स्वतःची उंची लागते, अशा अर्थाचं लोस स्वतः सांगायचा. कल्पना ऐकायला सोपी वाटते. जेवायला आपण बसतो, तिथे छत खाली आलं तरी चालतं, उलट बरंच वाटतं. दहा माणसं उभ्याने गप्पा मारणार तिथे डोक्यावर हवा हवी. पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसायला गुहा हवी. मग या सगळ्यांवर एकच छत का ताणायचं?

प्रागच्या स्त्रेशोविट्से भागातलं म्युलर यांचं घर हे या विचाराचं सगळ्यात पिकलेलं फळ. १९२८ ते १९३० या काळात कारेल ल्होता या वास्तुकाराच्या साथीने लोसने ते बांधलं. मालक फ्रांतिशेक म्युलर स्वतः बांधकाम कंपनीचा भागीदार होता आणि काँक्रीट हा त्याचा धंदा होता. बाहेरून घर म्हणजे पांढरा ठोकळा. सपाट छत, पिवळ्या चौकटींच्या खिडक्या, आणि त्या खिडक्याही कुठेही पाडल्यासारख्या. नगरपालिकेने या ठोकळ्याला पुन्हा पुन्हा नकार दिला. आत मात्र दुसरंच जग आहे. दारातून आपण एका बुटक्या, गडद जागेत शिरतो. कोट काढून ठेवायचा, वळायचं, चार-सहा अरुंद पायऱ्या चढायच्या, आणि एकदम हिरव्या शिरांच्या संगमरवराने मढवलेला उंच, लांब दिवाणखाना समोर उघडतो. त्याच्या एका बाजूला, संगमरवरी खांबांच्या पलीकडे आणखी काही पायऱ्या वर, जेवणघर आहे. तिथे महोगनी लाकडाचं ठेंगणं छत आहे. खाली बसलेल्यांना जेवणारे दिसतात आणि जेवणाऱ्यांना खालचा दिवाणखाना रंगमंचासारखा दिसतो. आणखी वर गेलं की घराच्या मालकिणीची, मिलादा म्युलर यांची, फिकट पिवळ्या लाकडाची छोटी खोली. तीही दोन पातळ्यांत मोडलेली, आणि तिच्या आतल्या भिंतीतली खिडकी थेट दिवाणखान्यात उघडते. पुस्तकांची खोली वेगळ्याच पातळीवर. सगळ्यात वर गच्ची आणि तिथून दिसणारा प्रागचा किल्ला. या घराला मजले किती, असं विचारलं तर नीट उत्तरच देता येत नाही.

इथे बहुतेक जण म्हणतील की ही श्रीमंताची हौस. संगमरवर आणि महोगनी बघून तसं वाटणारच. पण राउमप्लान मुळात काटकसरीचा हिशोब आहे, आणि तो शाळकरी गणितात मांडता येतो. ऐंशी चौरस मीटरचं घर घ्या. सगळीकडे तीन मीटर उंची ठेवली तर दोनशे चाळीस घनमीटर पोकळी बांधावी लागते. आता तीस चौरस मीटरच्या बैठकीला तीन मीटर साठ सेंटिमीटर उंची द्या आणि उरलेल्या पन्नास चौरस मीटरला अडीच मीटर द्या. बेरीज होते दोनशे तेहतीस. घर सात घनमीटरने लहान झालं आणि बैठक दोन फुटांनी उंच झाली. अर्थात हे ठोकळे एकमेकांत नीट बसवावे लागतात. तिथेच बुद्धिबळ सुरू होतं.

लोसला ही काटकसर सुचली त्याला त्याचे दिवसही कारण असावेत. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात अन्न नव्हतं, कोळसा नव्हता. शहराबाहेरच्या जमिनींवर माणसं स्वतःच्या हाताने घरं बांधू लागली होती. त्यांच्यासाठी महापालिकेने वसाहत कार्यालय उघडलं आणि १९२१ पासून काही वर्षं लोस त्याचा मुख्य वास्तुकार होता. शेजारच्या घरांमध्ये सामाईक भिंती टाकून पाया आणि विटा वाचवायची एक पद्धत त्याने पेटंटही केली. त्या वसाहतींच्या कामात त्याच्याबरोबर एक तरुण बाई होती, मार्गारेटे लिहोत्स्की.

तिचं नाव आज माहीत आहे ते वेगळ्या कारणासाठी. १९२६ साली, शहराच्या बांधकामाचे प्रमुख एर्न्स्ट माय यांच्या बोलावण्यावरून फ्रांकफुर्टला गेलेल्या लिहोत्स्कीने तिथल्या कामगार वस्त्यांसाठी स्वयंपाकघर आखलं. १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. आगगाडीच्या डब्यातल्या स्वयंपाकघराचा तिने अभ्यास केला. बाईची पावलं मोजली. पिठासाठी ओकच्या लाकडाचे खण केले, कारण त्यात कीड धरत नाही. डाळ-साखरेसाठी ॲल्युमिनियमचे खेचायचे डबे केले, इस्त्रीची फळी भिंतीत दुमडली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो आणि ज्यासाठी कर्ज काढतो, त्याची ही आजी. (आणि आजीने स्वतःच सांगून टाकलंय की ते आखण्याआधी तिने कधी स्वयंपाक केला नव्हता.)

फ्रांकफुर्टची ही कामगिरी मोठीच आहे. लाखभर माणसांचा विचार करणाऱ्याला एका मालकिणीच्या पिवळ्या खोलीत रमून चालत नाही, हे मला कळतं. पण त्याच कामगिरीत एक चूक रुजली. ज्या वर्षी लोसची तळटीप फ्रांकफुर्टच्या वर्तमानपत्रात छापून आली, त्याच वर्षी त्याच शहरात आधुनिक वास्तुकारांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. विषय होता ‘किमान जगण्यासाठीचं घर’. निरनिराळ्या देशांतल्या लहान घरांचे नकाशे एकाच प्रमाणात काढून शेजारी शेजारी टांगले होते. एवढ्या चौरस मीटरात इतक्या खाटा. तुलना करायला सोपं, आकडे स्वच्छ. या तुलनेत उंचीला जागा नव्हती. ती सगळीकडे सारखीच धरलेली, म्हणजे मोजायचं कारणच नाही. त्या भिंतींवरून चौरस मीटर सरकारी नियमांत उतरला, नियमांतून बाजारात, आणि आता तो आपल्या डोक्यातून निघत नाही.

लोस हरला त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते मला जास्त रंजक वाटतं. त्याची घरं छापता येत नाहीत. माझी घरं फोटोत काहीच दिसत नाहीत याचा मला अभिमान आहे, असं तो म्हणायचा. माझ्या गिऱ्हाइकांना स्वतःचं घर फोटोत ओळखू येत नाही. आधुनिक वास्तुकला मात्र पसरली ती मासिकांतून. ल कॉर्ब्यूझिए या वास्तुकाराने हे बरोबर ओळखलं होतं. पॅरिसजवळ प्वासीला त्याने १९२८ ते १९३१ मध्ये बांधलेलं साव्वा कुटुंबाचं घर घ्या. खांबांवर तरंगणारी पांढरी पेटी, लांबलचक आडवी खिडकी, आतून वर जाणारा उतार. एक फोटो पुरतो. प्रत्यक्षात छत इतकं गळायचं की साव्वाबाईंनी वास्तुकाराला, हे घर राहण्याजोगं नाही, असं पत्राने कळवलं. पण गळणं फोटोत येत नाही आणि उंचीचा खेळ नकाशात येत नाही.

ल कॉर्ब्यूझिएचा ‘मुक्त नकाशा’ खरोखर मुक्त होता, पण एकाच पातळीवर. खांबांनी भार घेतला म्हणजे भिंती हव्या तिथे उभ्या करा, हव्या तेव्हा काढा. या कल्पनेचं बीज त्याच्या १९१४ सालच्या एका रेखाटनात आहे: सहा खांब, तीन स्लॅब, एक जिना. युद्धात पडलेली गावं झटपट उभी करायला काढलेला तो सांगाडा. आज कुठल्याही शहराच्या कडेला जा, अर्धवट बांधकाम बघा, तोच सांगाडा उभा असतो. भिंत स्वतंत्र झाली हे खरं, पण स्लॅब सत्तेवर आला. सेंट्रिंगवाल्याला एकसारखी पातळी हवी असते. पातळी मोडली की प्लेटा कापा, बीम वाकवा, दिवस वाढवा.

तरीही मोठ्या इमारतीत हे जमत नाही, असं मी मानत नाही. जमलेलं आहे. मॉस्कोत १९२८ ते १९३० दरम्यान मॉइसेई गिन्झबुर्ग आणि इग्नाती मिलिनिस यांनी नार्कोमफिनची, म्हणजे सोव्हिएत अर्थखात्याची, राहती इमारत बांधली. तिच्यातल्या लहान घरांत मुख्य खोली उंच ठेवली, झोपायची जागा आणि न्हाणी बुटकी केली, आणि हे ठोकळे अशा रीतीने गुंफले की एकाच व्हरांड्यातून दोन मजल्यांवरच्या घरांत जाता आलं. सरकारी अभ्यासगटाने आधी पोकळीचाच हिशोब केला होता: घनमीटर वाचले तर खर्च वाचतो. लोसचं नाव न घेता लोसचंच गणित, आणि तेही सरकारी कर्मचाऱ्यांसाठी. पुढे खुद्द ल कॉर्ब्यूझिएनेही मार्सेयच्या ‘युनिते’त, १९५२ साली, नेहमीच्या खोल्यांना फक्त २.२६ मीटर उंची दिली आणि त्याच्या बदल्यात बैठकीला दोन मजल्यांची. तीनशेहून जास्त घरं आहेत त्या इमारतीत. मुंबईत चार्ल्स कोरिया यांनी १९८३ साली पुरी झालेल्या कांचनजंगामध्ये घरं एकमेकांत अडकवली आणि कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या बागा कोरल्या. ती श्रीमंतांची इमारत आहे, हे मान्य. पण अठ्ठावीस मजल्यांवर पातळ्या मोडता येतात, एवढं तरी तिने सिद्ध केलं.

आता आक्षेप. सगळ्यात मोठा आक्षेप गुडघ्यांचा. म्युलरांच्या घरात पन्नाशीनंतर प्रत्येक जेवण म्हणजे चढउतार. चाकाच्या खुर्चीला तर ते घर बंदच आहे. हा आक्षेप खोडता येत नाही, आणि खोडायची गरजही नाही. जमीन एका पातळीत ठेवून छत खालीवर करता येतं. सगळा राउमप्लान त्यात येणार नाही, पण त्यातला काटकसरीचा अर्धा भाग येईल.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. अशा घरात पातळी म्हणजे हुकूम. कोण कुठे बसणार, कोण कुणाला बघणार, हे वास्तुकाराने कायमचं ठरवून टाकलेलं असतं. मिलादाबाईंच्या खोलीची ती आतली खिडकी आठवा: बाई घराच्या मधोमध, सगळ्यांवर नजर ठेवून, आणि तरी बाजूला. हे आपल्याला कुणी वेगळं समजावून द्यायला नको. अंगणातून पडवी, पडवीतून ओटी, ओटीतून माजघर, अशी पायरी पायरीने चढत जाणारी आपली जुनी घरंही पातळ्यांतच विचार करायची, आणि कुठल्या जातीच्या माणसाने कुठल्या पायरीवर थांबायचं हे ती पायरीच सांगायची. लोसबद्दल बोलताना हेही लपवू नये की १९२८ साली, प्रागचं घर हातात असतानाच, लहान मुलींच्या लैंगिक शोषणाच्या खटल्यात व्हिएन्नाच्या न्यायालयाने त्याला अंशतः दोषी ठरवलं होतं. त्याला संत करायचं माझ्या मनात नाही. उट्रेख्टमध्ये १९२४ सालीच त्रूस श्रोडर या तीन मुलांच्या आईने गेरिट रिटवेल्ट या वास्तुकाराकडून जे घर करून घेतलं, त्यात वरचा अख्खा मजला सरकत्या पडद्यांचा आहे. दिवसा एक मोठी खोली, रात्री चार. तिथे हुकूम राहणाऱ्यांचा चालतो. (इतका मोकळा मजला नियमात बसत नव्हता, म्हणून परवानगीच्या कागदावर त्याला चक्क माळा म्हटलं.) राहणीच्या स्वातंत्र्याचा विचार केला तर श्रोडरबाई लोसच्या पुढे होत्या, हे मी खुशीने कबूल करतो. १९८५ साली मरेपर्यंत त्या त्याच घरात राहिल्या, यातही काहीतरी आलंच.

तिसरा आक्षेप सरकारी, आणि तो मला मनापासून पटतो. किमान उंचीचे नियम गरिबाच्या बाजूने आले. एकोणिसाव्या शतकातल्या कोंदट चाळींतून आणि तळघरांतून, क्षयाच्या साथींतून ते आले. उंची ढिली केली तर बिल्डर सगळंच बुटकं करतील. करतीलच. म्हणून मी किमान काढून टाका म्हणत नाही. किमान कशाचं ठरवायचं, एवढाच माझा प्रश्न आहे. आपली राष्ट्रीय बांधकाम संहिता राहत्या खोलीला २.७५ मीटर मागते, पण न्हाणीघर-संडासाला २.१ मीटर पुरतात असं म्हणते. म्हणजे लोसचं म्हणणं आपल्या नियमात चोरपावलांनी आलेलंच आहे. नियमाने यापुढे एक पाऊल टाकावं. घराला एकूण किती घनमीटर हवेत हे ठरवा, राहत्या खोल्यांची उंची खाली येऊ देऊ नका, आणि वाचलेली पोकळी बिल्डरच्या खिशात न जाता त्याच घराच्या बैठकीला किंवा साठवणीला मिळेल असं बघा. उंचीला किंमत द्या. जर्मनीत १९३४ पासून बांधकामाचा अंदाज घनमीटरवर बांधायचं प्रमाण आहे. जगावेगळं काही मागतोय असं नाही.

आपल्याकडे तर हे गणित आजीलाही येत होतं. मुंबईच्या जुन्या चाळींतल्या उंच खोल्यांत लोकांनी पोटमाळे घातले. खाली संसार, वर अभ्यास, आणि लग्न झालं की नव्या जोडप्याची सोय तिथेच. नंतरच्या सोसायट्यांत न्हाणीघराचं छत खाली उतरवून वर माळा काढला. चार चौरस मीटरच्या न्हाणीवर पाऊण मीटर उंची वाचली की तीन घनमीटर मिळतात, म्हणजे तीन लोखंडी कपाटं भरून जागा. तिथे पितळेची भांडी, पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीचं मखर. नव्या टॉवरांत हा माळा दिसेनासा होत चाललाय, कारण तो फोटोत बरा दिसत नाही. आणि त्याच खोलीत आपण पैसे देऊन फॉल्स सीलिंग करतो, म्हणजे विकत घेतलेली उंची पुन्हा पैसे देऊन बुजवतो.

पुनर्विकासाची भांडणं ऐका. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फूट मिळणार, याच्यापुढे चर्चा जात नाही. पाचशे फूट हवेतच, त्यात वाद नाही. पण त्या पाचशे फुटांवर किती हवा आहे, हे कुणी विचारल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या पक्की केली आणि फसवणुकीचं एक मोठं दार बंद केलं, त्याबद्दल कायदा करणाऱ्यांचे आभारच मानायला हवेत. त्याच कायद्याने चौरस फुटावर शेवटचं शिक्कामोर्तबही केलं. जाहिरातीत नकाशा असतो, रंगीत, सोफ्यासकट. घर उभं कापल्यावर कसं दिसतं तो छेद नसतो. करारात नकाशाच्या शेजारी छेद छापणं सक्तीचं करायला फार मोठा कायदा लागणार नाही.

हा लेख लिहिताना मी आमच्या फ्लॅटचा करारनामा काढला. कार्पेट एरिया दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत दिलाय. टाइल्सचा आकार आहे, नळांची कंपनी आहे, दाराच्या कडीचा धातू आहे. उंची शोधत सगळी पानं उलटली, सापडली नाही. शेवटी मुलाला स्टुलावर चढवलं आणि टेप लावला. दिवाणखाना: नऊ फूट दोन इंच. संडास: नऊ फूट दोन इंच.